शंभर खोट्या हाकांचा हिशेब

घरावर लावलेल्या कॅमेऱ्याने रात्री-अपरात्री दिलेल्या इशाऱ्यांपैकी बहुतेक खोटे निघतात, ही गोष्ट आता कोणी नाकारीत नाही. वाद आहे तो त्या खोटेपणाची किंमत किती धरायची याविषयी. कॅमेरे विकणाऱ्यांत, ते बसवून देणाऱ्यांत आणि, नवल म्हणजे, ते विकत घेऊन त्रासलेल्यांतही एक मत अलीकडे सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते, ते असे की, शंभर खोटे इशारे आले तरी चालतील, पण एक खरा चुकता कामा नये. बुलढाण्याच्या चहाच्या टपरीपासून मलकापूरच्या अडतीपर्यंत हे वाक्य आम्ही इतक्या निर्धास्त सुरात उच्चारलेले ऐकले आहे की, त्याची एकदा नीट उलटतपासणी होणे अगत्याचे वाटते. त्याचा घाट न्यायालयातील त्या सुप्रसिद्ध वचनासारखा, शंभर अपराधी सुटले तरी एका निरपराध्यास शिक्षा होऊ नये या वचनासारखा, असल्यामुळे ते ऐकणाऱ्यास शहाणपणाचे वाटते. परंतु आशयाने ते त्या वचनाच्या नेमके उलट आहे, कारण त्यात शंभर निरपराध्यांवर आळ घेण्याची तयारी गृहीत धरलेली आहे, आणि या बाबीकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

या मताचा सारा डोलारा एका समजुतीवर उभा आहे, आणि ती समजूत अशी की, खोटा इशारा फुकटात पडतो. मोबाइल वाजला, डोळे चोळून पाहिले, मांजर होते, पुन्हा पांघरूण ओढले. यात कोणाचे काय गेले, असा या मंडळींचा सवाल असतो. गेले ते एवढेच की, पुढच्या वेळी पाहण्याची इच्छा गेली. ज्या हाकेमागे वारंवार काहीच नसते त्या हाकेला ओ देणे मनुष्य सोडून देतो, आणि ते तो आळसाने नव्हे तर अनुभवाने, म्हणजे एका अर्थी शहाणपणानेच, सोडतो. नवा कॅमेरा लागला की पहिल्या काही रात्री घरातले सगळे उठतात, मग एकटा घरधनी उशाखालचा मोबाइल चाचपतो, आणि महिना उलटण्यापूर्वी त्या ॲपचा आवाज कायमचा बंद केला जातो. म्हणजे ज्या एका खऱ्या इशाऱ्यासाठी शंभर खोटे सोसायचे ठरले होते, तो आलाच तर ऐकायला कोणी जागे नसते. शंभर खोट्यांच्या मोबदल्यात एक खरा पदरात पडतो हा सौदाच मुळी खरा नाही. ते शंभर त्या एकाला गिळून टाकतात.

यावर असे उत्तर दिले जाते की, हा दोष माणसाचा, त्याने सावध राहिले पाहिजे. हे उत्तर देणाऱ्यांनी रुग्णालयांचा दाखला पाहावा. अमेरिकेतील रुग्णालयांची तपासणी करून त्यांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये एक ताकीद प्रसिद्ध केली. रुग्णाच्या उशाशी वाजणाऱ्या यंत्रांच्या घंटांपैकी ८५ ते ९९ टक्के घंटांवर कोणताही उपचार करण्याची गरज नसते असा अंदाज तीत नमूद होता, आणि जानेवारी २००९ ते जून २०१२ या अवधीत संस्थेकडे कळवल्या गेलेल्या, अशा घंटांशी संबंधित ९८ दुर्घटनांपैकी ८० दुर्घटनांत रुग्ण दगावल्याची नोंदही होती. घंटांच्या अतिरेकाने बधिर झालेले कान हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. ज्या परिचारिका शिकलेल्या, पगारी आणि पाळीने जागणाऱ्या, त्यांचे अवधान जिथे टिकले नाही, तिथे दिवसभर सोयाबीनच्या मळणीत राबून आलेल्या चिखलीच्या शेतकऱ्याने किंवा तालुक्याच्या शाळेत सहा तास घसा कोरडा करून आलेल्या शिक्षकाने मध्यरात्री दर खेपेस ताज्या उत्सुकतेने मोबाइल उघडावा, ही अपेक्षा कोणत्या मनुष्यस्वभावावर आधारलेली आहे? अमेरिकेतीलच सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी २००० सालच्या अखेरीस, कोणी प्रत्यक्ष खातरजमा केल्याखेरीज चोरघंटेच्या वर्दीवर धाव घ्यायची नाही, असा नियम केला. त्या वर्दी जवळजवळ साऱ्याच खोट्या निघत. तेव्हा सावध राहण्याचा उपदेश सरकारी शिपायालाही पुरला नाही.

दुसरे उत्तर पैशाचे असते. स्वस्त कॅमेरा घेतला म्हणून असे होते, माणूस ओळखणारा महागातला घ्या, म्हणजे कटकट मिटेल, असे दुकानदार सांगतो, आणि त्याच्या बोलण्यात थोडे तथ्य असल्यामुळेच ते अधिक फसवे ठरते. थोडे गणित करू. समजा, रस्त्याला लागून असलेल्या एका घरासमोर दिवसाकाठी २०० हालचाली होतात: येणारी-जाणारी माणसे, दुचाक्या, गुरे, कुत्री, सावल्या. कॅमेरा १०० पैकी ९९ वेळा अचूक निवाडा करतो असे धरू. विक्रेताही याहून मोठा दावा करायला कचरेल. तरीही रोज २ खोटे इशारे येणार, वर्षाला ७३०. त्या घरी पाच वर्षांतून एकदा खरा चोर आला असे मानले, तर त्या एका खऱ्या इशाऱ्यामागे ३,६५० खोटे उभे राहतात. हा कॅमेऱ्याचा दोष नव्हे. शेकडो निरुपद्रवी गोष्टींबद्दल ज्याला रोज प्रश्न विचारला जातो, त्याची अत्यल्प चूकही ढिगाने साचते. आता त्याच कॅमेऱ्याला रस्ता वगळून फक्त फाटकाच्या आतला चौकोन आणि रात्री अकरा ते पहाटे पाच एवढीच वेळ नेमून दिली, आणि त्यामुळे २०० ऐवजी रोज ५ हालचालीच त्याच्या पुढ्यात आल्या, तर तेच पाच वर्षांचे खोटे इशारे नव्वदीच्या घरात येतात. वीस दिवसांतून एक. पाऊण दमडी अधिक खर्च न करता जे झाले ते महागड्या यंत्राने होत नव्हते, कारण प्रश्न यंत्राच्या बुद्धीचा नसून त्याला काय पाहायला सांगितले याचा होता.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या हवामानाचा विचार तर कोणत्याच डब्यावर छापलेला नसतो. घाटावर आणि घाटाखाली असे या जिल्ह्याचे दोन भाग, आणि दोहोंकडे कॅमेऱ्याची फसगत निराळ्या तऱ्हेने होते. शरीराच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा जो सेन्सर पुष्कळशा बॅटरीवरच्या आणि सौर कॅमेऱ्यांत असतो, तो मुळात माणसाला ओळखतच नाही; माणूस आणि त्याच्या मागची भिंत यांच्या उष्णतेतील फरक तेवढा त्याला कळतो. वैशाखात नांदुरा-मलकापूरकडे पारा चाळिशीच्या वर गेला, दिवसभर तापलेली भिंत आणि माणसाचे अंग एका तापमानावर आले, की हा फरक मावळतो आणि समोरून चालत गेलेला माणूसही त्याला जाणवत नाही. मग घरधनी तक्रार करतो, बसवणारा येतो आणि सेन्सिटिव्हिटी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतो. मार्गशीर्षात ती तशीच असते. त्या गार रात्रीत भिंत थंड पडलेली असते, आणि अंगणातून गेलेले प्रत्येक कुत्रे त्या सेन्सरला ठळक दिसू लागते. उन्हाळ्याच्या चुकीवर केलेला उपाय हिवाळ्यात खोट्या इशाऱ्यांचा कारखाना बनतो, आणि ऋतू पालटला की हे टोक खाली आणावे एवढे सांगण्याचे सौजन्य कोणी दाखवीत नाही. हाच सेन्सर आडवे चालणारे चटकन पकडतो आणि थेट त्याच्या रोखाने येणारे उशिरा. तेव्हा फाटकाकडे तोंड करून तो ठोकण्याऐवजी, येणाऱ्याला त्याच्या समोरून आडवे जावे लागेल अशा बाजूच्या भिंतीवर लावला, तर कमी टोकावरही काम भागते.

चित्रावरून हालचाल ताडणाऱ्या कॅमेऱ्यांची तऱ्हा वेगळी. ते एका क्षणाचे चित्र पुढच्या क्षणाच्या चित्राशी ताडून पाहतात, आणि पुरेसा फरक पडला की हाक मारतात. फरक कशाने पडला हे त्यांना ठाऊक नसते. आषाढात ढगामागून ऊन आले-गेले, निंबाच्या फांदीची सावली ओट्यावर सरकली, वळणावरून ट्रॅक्टरचा उजेड भिंतीवर फिरला, लाईट जाऊन परत आली आणि कॅमेऱ्याने रंगीत चित्र सोडून काळ्या-पांढऱ्याची कास धरली, की सारे अंगणच हलल्याचा त्याला भास होतो. पावसाळ्याच्या आरंभी भिंगाजवळून उडणारे पाखरू त्याच्या अदृश्य दिव्याच्या झोतात पांढरे धमक आणि माणसाएवढे मोठे दिसते. त्या पाखरांच्या मागावर कोळी येतो. भिंग आणि छज्जा यांच्यामध्ये त्याने ओढलेला एक धागा दिवसा डोळ्यांना दिसत नाही, पण रात्री त्या दिव्यात तो चांदीच्या तारेसारखा चकाकतो, आणि वाऱ्याची झुळूक आली की पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरा पट्टा हिंदकळतो. एवढ्यावरून पहाटे तीन वाजता घरातली म्हातारी माणसे दचकून उठल्याचे आम्ही पाहिले आहे. यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा काठीला कोरडे फडके बांधून भिंगाभोवती फिरवणे, आणि जमल्यास कॅमेऱ्यातला दिवा बंद ठेवून चार-पाच फूट अंतरावर वेगळा दिवा लावणे, म्हणजे पाखरांची झुंड त्या दिव्यापाशी उजळते, भिंगापाशी नाही. दुकानदाराच्या जिभेवर मात्र याऐवजी पुढच्या मॉडेलचे नाव असते.

माणूस ओळखणाऱ्या कॅमेऱ्याचेही फार कौतुक नको. तो पूर्वी दाखवलेल्या असंख्य चित्रांवरून माणसाच्या आकाराचा अंदाज बांधतो, आणि ती चित्रे वऱ्हाडातल्या अंगणांची असतीलच असे नाही. दोरीवर वाळत घातलेले लुगडे वाऱ्याने फुगले, की त्याला माणूस भासतो; रानडुकरांना चकवण्यासाठी उभे केलेले बुजगावणे वाऱ्यावर डोलू लागले, की ज्याला चकवायचे ते डुक्कर सोडून मालकाचा कॅमेराच चकतो; आणि उलटपक्षी, पावसात डोक्यावरून घोंगडीची खोळ घेऊन वाकून चाललेला खराखुरा मनुष्य त्याच्या हिशेबी मनुष्य ठरत नाही. कॅमेरा दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टांगून थेट खाली रोखला तर माणसाचे नुसते डोके-खांदे दिसतात आणि ओळख आणखी बिघडते. आठ-दहा फुटांवर, किंचित कलता, हीच त्याची जागा.

मग इतक्या सोप्या गोष्टी केल्या का जात नाहीत? याचे उत्तर अज्ञानात जितके आहे तितकेच हितसंबंधात आहे. चोरी झाली आणि कॅमेरा गप्प राहिला, तर गिऱ्हाईक दुकानावर येऊन चारचौघांत जाब विचारते. उलट, कॅमेरा रात्रभर व्यर्थ ओरडला तर ते वाऱ्याला, मांजराला, फार तर स्वतःच्या नशिबाला बोल लावते. ज्या चुकीचा दोष विकणाऱ्यावर येतो ती टाळण्यासाठी तो सेन्सिटिव्हिटी वर नेऊन ठेवतो, आणि ज्या चुकीचा त्रास फक्त घेणाऱ्याला होतो तिच्याबद्दल उदार बनतो. ‘शंभर खोटे चालतील’ हे तत्त्वज्ञान या सोयीतून जन्मलेले आहे. ते सावधपणाचे वचन नसून जबाबदारी झटकण्याचा दस्तऐवज आहे. त्यात काही कंपन्या माणूस आणि मांजर यांतला भेद करण्याची सोय मासिक वर्गणी भरल्यावरच खुली करतात, म्हणजे आधी कटकट विकायची आणि मग तिच्यापासून सुटका विकायची. केंद्र सरकारने २०२४ साली सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षिततेच्या सक्तीच्या अटी जाहीर केल्या, ते उत्तमच झाले. पण त्या अटींचा रोख यंत्रात कोणी बाहेरून शिरू नये यावर आहे, यंत्राने मालकाची झोप किती वेळा मोडावी यावर नाही.

काही जण असेही म्हणतात की, मोबाइल वाजत राहिला म्हणजे कॅमेरा चालू असल्याची खात्री पटते. खात्रीच हवी असेल तर रोज संध्याकाळी एकदा ॲप उघडून अंगण पाहावे. त्यासाठी रात्रभर जागरणाची आवश्यकता नाही.

याहून गंभीर आक्षेप असा की, इशारे कमी केले तर पुरावाही कमी होईल. येथे प्रतिपक्षाने दोन भिन्न गोष्टींची गल्लत केलेली आहे. नोंद ठेवणे वेगळे आणि हाक मारणे वेगळे. बुलढाण्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात २०१९ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून गळ्यात रेडिओ पट्टा असलेला तरुण वाघ शेकडो कोसांची वाट तुडवीत येऊन पोचला, हे आमच्या वाचकांच्या स्मरणात असेल. अशा प्राण्यांची नोंद ठेवण्यासाठी रानांतून झाडांच्या बुंध्यांना जे ट्रॅप कॅमेरे बांधतात, ते गवत हलले तरी चित्र काढतात, आणि त्या चित्रांत रिकाम्या चित्रांची खोगीरभरती असते. पण त्याने कोणाचेही बिघडत नाही, कारण ती चित्रे कार्डावर साठतात आणि अभ्यासक दिवसाउजेडी बसून निवडतो. तिथे अतिरेक क्षम्य आहे. घरच्या कॅमेऱ्यानेही चोवीस तास सगळे टिपावे, डीव्हीआरमध्ये वा मेमरी कार्डावर पंधरा दिवसांचा साठा ठेवावा. दुर्दैवाने चोरी झालीच तर पंचनाम्याच्या वेळी तोच उपयोगी पडतो. हाक मात्र त्याने क्वचित मारावी. चित्रणाला लागू पडणारी उदारता इशाऱ्याला लागू करणे, ही या साऱ्या वादातील मूळ चूक होय.

आता निरपराध्यांवरील आळाची बाब. खोटा इशारा मोबाइलवर येऊन तिथेच थांबत नाही. त्यासोबत दहा सेकंदांची चित्रफीत येते, ती कॉलनीच्या ग्रुपवर टाकली जाते, आणि ‘संशयित फिरत आहे, सावध राहा’ अशी तीवर मजकुराची ओळ चढते. फाटकाशी थांबलेला तो मनुष्य पत्ता विचारणारा असतो, भंगार मागणारा असतो, पहाटे दान मागत फिरणारा वासुदेव असतो, किंवा मेंढरे-गुरे घेऊन मुक्काम हलवीत चाललेल्या काठेवाडी तांड्यातला असतो. आणि आमच्या जिल्ह्यात तो पारधी असला तर त्याच्यापुरता खुलासा मागण्याचीही तसदी कोणी घेत नाही. इंग्रजी अंमलाने १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवायला आरंभ केला, त्यांच्या कपाळचा तो शिक्का १९५२ साली कायद्याने पुसला. लोकांच्या डोळ्यांतून तो पुसलेला नाही, आणि आता त्या डोळ्यांच्या जोडीला भिंतीवरचा डोळा आलेला आहे. खोटे इशारे सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाहीत. ते फिरून फिरून त्याच चार-दोन जमातींच्या माथी पडतात.

आम्ही तिळाचा ताड करीत आहोत, असे कोणी म्हणेल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या, मोबाइलवरून पसरलेल्या अफवेने पिसाळलेल्या जमावाने, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, चोर फिरत असल्याच्या आवईने धास्तावलेल्या जमावाच्या हातून दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांचा तसाच अंत झाला. दोन्ही ठिकाणी घरचा कॅमेरा नव्हता, हे प्रतिपक्ष म्हणण्यापूर्वी आम्हीच म्हणतो. परंतु खातरजमा न झालेली खबर, ती क्षणात शेकडो जणांच्या हाती पोचवणारे साधन आणि ‘चुकले तर चुकले, पण सावध असलेले बरे’ ही वृत्ती, हे तिन्ही तिथे होते, आणि यांपैकी तिसरी वृत्ती तर प्रतिपक्षाच्या सिद्धान्ताचे शब्दशः भाषांतर होय. कॅमेरा तिला फक्त चित्राची जोड देतो, आणि चित्र असले की अफवेला पुराव्याचा मान मिळतो.

प्रतिपक्षाला एक गोष्ट मात्र खुल्या दिलाने दिली पाहिजे. खामगावच्या चांदीच्या बाजारात रात्री कुलूप लागलेल्या पेढीच्या आत जे काही हलेल ते संशयास्पदच असणार. तिथे टोक खुशाल वर असावे, उंदरासाठी मालकाने दहादा उठावे. त्या बंद खोलीत निरुपद्रवी हालचाल जवळजवळ नसतेच, म्हणून आमच्या वरच्या गणिताचा काटा तिथे उलट फिरतो. तीच गोष्ट शेतातल्या पंपाच्या खोलीची. पण पेढीच्या आतले माप घराच्या अंगणाला लावणे हा न्याय नव्हे. ज्यांनी शेतात जागल केलेली आहे त्यांना हे सांगावे लागत नाही: तुरीत वारा शिरल्याची सळसळ आणि रोही शिरल्याची सळसळ यांतला फरक ज्याला पहिल्या हंगामात कळत नाही तो माळ्यावरून सारखा ओरडत राहतो, शेजारच्या शेतातले पहिले दोन दिवस धावून येतात, आणि खरोखर कळप उतरतो त्या रात्री त्याच्या हाकेवर कूसही बदलीत नाहीत.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, आणि तो रास्त आहे: चौकोन आखून, वेळ बांधून, टोक उतरवून दिल्यावर एखाद्या रात्री चोर नेमका वगळलेल्या कोपऱ्यातून आला तर? येईलही. त्या कोपऱ्यात दिवा लावावा, भिंतीवरची ती फट बुजवावी, मागच्या दाराला कडी घालावी. ही कामे कॅमेऱ्याच्या आधीची आहेत आणि ती टाळण्यासाठीच पुष्कळ घरांत कॅमेरा आणलेला असतो. उरलेली जोखीम घरधन्याने जाणूनबुजून पत्करावी, कारण ती त्याला दिसते आहे. आवाज बंद केलेल्या मोबाइलची जोखीम त्याला दिसत नाही. आणि बसवणाऱ्याकडून आमची मागणी फार मोठी नाही. कॅमेरा ठोकून, पासवर्ड कागदाच्या कपट्यावर खरडून त्याने दुपारीच निघून जाऊ नये. अंधार पडेपर्यंत थांबावे, घरातल्या एकाला फाटकातून ओट्यापर्यंत चालायला लावून काय पकडले जाते ते पाहावे, आणि पावतीवर जिथे यंत्राचा क्रमांक व हमीची मुदत लिहितो त्याखाली चौकोन कुठे आखला, वेळ कोणती ठेवली, टोक कोठे आहे आणि ते चैत्रात व कार्तिकात पुन्हा कधी तपासायचे, हे चार ओळींत लिहून सही करावी.